हात मागे

ऋतुजाचा फोन आला तेव्हा लासलगावला कांद्याचे लिलाव ऐन भरात होते. ट्रॅक्टरला ट्रॅक्टर लागलेला, बोली पुकारणाऱ्याचा आवाज टिपेला पोचलेला, मागे ट्रकवाले हॉर्नवरचा हात काढायला तयार नाहीत. मी एका व्यापाऱ्याकडे माल भरून घ्यायचं काम बघतो, त्यामुळे त्या वेळात फोन खिशातच राहतो. पण ऋतुजाचं नाव दिसलं आणि मी थबकलो. ऋतुजा म्हणजे माझी भाची, नाशिकच्या ताईची एकुलती एक मुलगी. गेल्या नऊ वर्षांत तिने मला आपणहून केलेले फोन एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. एका कानात बोट घालून मी फोन घेतला. "मामा, तू ये," एवढंच ऐकू आलं. मी ओरडून विचारलं, "ताई बरी आहे ना?" तर म्हणाली, "आई बरी आहे. पप्पा..." आणि पुढचं सगळं त्या गलक्यात गेलं. ऐकायची गरजही नव्हती.

दाजी गेले ते त्यांच्या आवडत्या जागी गेले, असं त्या दिवशी जो येईल तो म्हणत होता. खरंच होतं ते. घरामागच्या अंगणात, जुन्या चादरीच्या आडोशाला, लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा, डोकं मागे भिंतीला टेकलेलं. ताई चहा घेऊन गेली होती. ते हलत नाहीत असं दिसल्यावर समोर एखादं दुर्मिळ पाखरू येऊन बसलं असणार असं ती समजली आणि कपबशीचा आवाजही न करता मागच्या पावलांनी स्वयंपाकघरात परत आली. वीस मिनिटं ती दाराआड उभी राहून वाट बघत होती. दुसऱ्या कुठल्या घरातल्या बाईने हाक मारली असती, खांदा हलवला असता. आमच्याकडे दाजी स्टुलावर निश्चल बसले असले की मांजरसुद्धा वळसा घालून जायचं. वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ताईला ते अजून पटलेलं नाही.

अशा श्रद्धांजलीच्या लेखात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं आणि बाकीचं गाळायचं असतं, एवढं मला कळतं. तेराव्याला कुणी लिहायला सांगितलं असतं तर मीही डोळे पुसत तसंच लिहिलं असतं. पण आता दोन महिने होत आलेत, आणि मधल्या काळात दाजींची जुनी हार्ड डिस्क मी उघडून बघितली आहे. त्यामुळे हा लेख थोडा वाकडा जाणार... आधी सरळ जाईल तेवढं सांगतो.

आमचं घर सायखेड्याचं. आयटीआय करून मी कामासाठी नाशिकला आलो तो ताईकडेच उतरलो आणि सात वर्षं तिथून हललो नाही. ताईचे यजमान शरदराव, म्हणजे आमचे दाजी, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. दिवसभर हातात मायक्रोमीटर, केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. कारखान्यापासून दहा मिनिटांवर त्यांचं रो-हाऊस आणि मागे भिंतीने घेरलेलं जेमतेम बारा बाय अठराचं अंगण. त्यात एक अंजीर, एक कढीपत्ता, ताईची तुळस, एक गळका नळ आणि नळाखाली मातीची परात. लोक हातभर लांबीच्या लेन्सा घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचे, दाजी कधी गेले नाहीत. "आपल्या नळाखाली कोण कोण पाणी पितं ते आधी मोजून होऊ दे," म्हणायचे. हे ते थट्टेने म्हणत नव्हते, खरोखर मोजत होते. बुलबुल, दयाळ, शिंजीर, दोन प्रकारचे चतुर, एक म्हातारा सरडा आणि इतके कोळी की त्यांची वेगळी वही होती. अंगणातला नळ गळका होता तो दुरुस्त न झाल्यामुळे नव्हे, दाजींनी तो मुद्दाम गळका ठेवला होता. ताईने दोनदा प्लंबर बोलावला आणि दाजींनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवला.

मला आधी हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा. भरल्या घरचा माणूस सुट्टीच्या सकाळी पोटावर पालथा पडून मुंगळ्याचा फोटो काढतो म्हणजे काय! एकदा कुंभारीण माशीने विजेच्या मीटरच्या पेटीत आपलं मातीचं गाडगं बांधायला घेतलं. रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला दाजी हात जोडून म्हणाले, "साहेब, पेटी उघडू नका. बाळंतपण चालू आहे." तो बिचारा आत डोकावून म्हणाला, "कुणाचं?" मी हसून हसून पायरीवर बसलो. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीच्या फटीतून काढलेला फोटो दाखवला, माशीच्या तोंडात मातीची ओली गोळी, गाडग्याचा काठ अजून वळायचा राहिलेला... मी बघतच राहिलो. त्यांनी आपला जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातला.

शिकवताना ते कडक होते. रविवारी दुपारी जेवणं झाली की आठवड्याचे फोटो लॅपटॉपवर लावायचे आणि त्यांचा एकच हुकूम असायचा, "दहातले नऊ उडव." माझा जीव तुटायचा. मी म्हणायचो, "दाजी, असू द्या की, डिस्कवर जागा आहे." ते म्हणायचे, "जागेचा प्रश्न नाही बापू. ढिला फोटो ठेवला की माणूस ढिला होतो." स्वतःचेही तसेच उडवायचे, हात कचरायचा नाही. आणि दुसरा नियम, जो सगळ्यांत वरचा, घरट्याला हात लावायचा नाही. फांदी वाकवायची नाही, पान खुडायचं नाही, काडी बाजूला करायची नाही. दिसलं तर दिसलं, नाहीतर घरी जा. "आपण त्यांच्या दारात उभे आहोत, आत शिरायचं नाही," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मला ते फार आवडायचे. हे एवढं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल की माझा त्यांच्यावर आधीपासून दात होता.

नऊ वर्षांपूर्वीच्या एप्रिलात अंजिरावर शिंप्याने घरटं केलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शिंपी हा अंगठ्याएवढा पक्षी. रुंद पानाच्या कडा कापसाने आणि कोळ्याच्या जाळ्याने शिवून त्याचा खिसा करतो आणि त्यात घरटं घालतो. आमच्या घरट्यावर दुसरं एक मोठं पान बरोब्बर छत्रीसारखं आलं होतं, त्यामुळे पश्चिमेचं ऊन लागायचं नाही आणि फोटोही मिळायचा नाही. चार पिल्लं होती. ऋतुजा तेव्हा नऊ वर्षांची, तिने चौघांची नावंसुद्धा ठेवली होती. रोज शाळेतून आली की दप्तरासकट मागच्या दारी.

त्या दिवशी सायखेड्याला चुलतबहिणीची हळद होती. ताई आणि ऋतुजा सकाळीच पुढे गेल्या. दाजींना रजा नव्हती, ऑडिट होतं, ते सातला ड्युटीवर गेले. मी नऊपर्यंत चादरीआड बसलो. शिंपीण अळी घेऊन आली की पान आडवं यायचं, परत गेली की पिल्लं गप्प. निघायच्या आधी न राहवून मी ते वरचं पान एका बोटाने उचललं, आत डोकावलो आणि सोडून दिलं. दोन सेकंद. पान परत जागेवर गेलं, की गेलं असं मला वाटलं, आणि मी मोटरसायकलला किक मारून सायखेड्याला गेलो. दिवसभर तिथेच. संध्याकाळी आम्ही तिघं परतलो तेव्हा दाजी मागच्या अंगणात उभे होते. पान एका बाजूला मुरगळलेलं, घरटं उघडं आणि आत चारही पिल्लं मान टाकलेली. उन्हाने. दाजींनी माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "बापू, वरच्या पानाला हात लावला होतास?"

मला खोटं बोलायचं सुचलं नाही. "हो... एकदाच," मी म्हणालो.

ऋतुजाच्या गालावर अजून हळद होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, तू मारलंस त्यांना." ताई तिला आत घेऊन गेली. दाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. चूक होते माणसाकडून," म्हणाले. "पण लक्षात ठेव." त्यांनी मला माफ केलं. त्या माफीचं मला केवढं ओझं झालं आणि केवढा आधार वाटला, दोन्ही आज आठवतं. आम्ही दोघांनी मिळून तुळशीमागे लहानसा खड्डा केला.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा नियम आला. मागच्या पायरीवरून अंगणात उतरलं की हात मागे. शाळेत प्रार्थनेनंतर उभं करतात तसे, एका हाताने दुसरं मनगट धरून. पाहुणा असो, दूधवाला असो, सगळ्यांना तेच. दाजी स्वतःही तसेच उतरायचे, स्टुलावर बसेपर्यंत हात मागे. कुणी कारण विचारलं की ऋतुजा माझ्याकडे न बघता सांगायची, "मामाने एकदा घरट्याला हात लावला होता ना, म्हणून." वर्षभराने मी नाशिक सोडलं. लासलगावला काम मिळालं हे कारण सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. कॅमेरा मी परत केला. दाजी म्हणाले, "ठेव की." मी म्हणालो, "नको दाजी, माझा हात चांगला नाही."

त्या सुमाराला दाजींचा एक फोटो गाजला. शिंपीण चोचीत हिरवी अळी घेऊन घरट्याच्या काठावर, खाली चार उघड्या चोची, पिवळ्या-लाल, आणि उन्हाची तिरीप बरोब्बर आत पडलेली. आता स्पर्धांत घरट्यांचे फोटो घेत नाहीत, तेव्हा घेत असत, आणि दाजींना पहिलं बक्षीस मिळालं. घटनेच्या दोन दिवस आधीचा, पान वाऱ्याने हललं तेवढ्यात मिळालेला, असं ते सांगायचे. तो वरचा कोपरा कापून, मोठा करून बैठकीच्या खोलीत लागला. मग शाळांतून, छंदवर्गांतून त्यांना बोलावणी यायला लागली. बोलायचे फार छान. मला लॅपटॉप सांभाळायला हमखास बोलावून घ्यायचे आणि मीही जायचो, कारण मला ती संधी वाटायची, पुन्हा त्यांच्याजवळ बसायची. मध्यावर एक स्लाइड यायची, रिकाम्या घरट्याची. दाजी थांबायचे. "आमच्याच घरातल्या एका माणसाने फक्त एक पान बाजूला केलं... एकच पान," म्हणायचे. मुलं चुकचुकायची. मी खाली मान घालून पुढचं बटण दाबायचो आणि पडद्यावर तो बक्षिसाचा फोटो यायचा, टाळ्या पडायच्या. एका शाळेत एका मुलीने विचारलं, "सर, ते काका आता काय करतात?" दाजी म्हणाले, "आता ते फार जपतात." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना कळलं, काका कोण ते. मला त्यांचा राग आला नाही, खरंच नाही आला. मला वाटलं, माझ्या चुकीतून निदान शंभर मुलं तरी शिकली.

शेवटची भेट जानेवारीतली. मी संक्रांतीचा तीळगूळ द्यायला गेलो होतो. निघताना दाजी फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "बापू, ती जुनी डिस्क एकदा लावू. आपण दोघंच बसू." मी म्हणालो, "लाल कांद्याची गडबड संपू द्या, मग येतो निवांत." त्यांनी मान हलवली. चपलेच्या टोकाने फाटकाजवळचा खडा सरकवत थोडा वेळ उभे राहिले. बाकी काही नाही.

ते गेल्यावर त्यांच्याबरोबर फोटो काढणाऱ्या मंडळींनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि फोटो निवडायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दारातच लावायला तो शिंपिणीचा फोटो हवा होता, मोठा, म्हणजे मूळ फाइल लागणार. ती शोधायला मी जुनी डिस्क लावली. दाजींची सगळी कामं क्वालिटीवाल्याची, वर्ष, महिना, तारीख. प्रत्येक दिवसाचे चार-पाचच फोटो, बाकी उडवलेले. आणि एका तारखेच्या फोल्डरमध्ये सत्तरहून जास्त. मी तारीख बघितली. हळदीचा दिवस.

पहिला फोटो दुपारी एक वाजून बारा मिनिटांचा. घरटं, आणि त्यावर ते मोठं पान. सरळ, जागच्या जागी, मी सोडलं होतं तसं. पुढचा तीन मिनिटांनी. पान बाजूला ओढलेलं आणि कोपऱ्यात हिरवा दोरा, पानाच्या देठाला बांधून फांदीला गाठ मारलेली. ताईच्या शिलाई मशीनच्या डब्यातला दोरा. पुढे सत्तरेक फोटो, शिंपीण येतेय, जातेय, आणि त्यातच तो बक्षिसाचा. बैठकीतल्या फोटोत वरचा कोपरा का कापलाय ते मला नऊ वर्षांनी कळलं. शेवटचा एक अडतीसचा. जेवणाच्या सुट्टीत घरी आले असणार, घर रिकामं आहे हे त्यांना माहीत होतंच. घाईघाईत ड्युटीवर परतले आणि दोरा सोडायचा विसरले. इथपर्यंत मी त्यांना माफ करू शकलो असतो, देवाशपथ सांगतो. विसरतो माणूस. मीही बोट लावलंच होतं. पण त्यानंतर आणखी एक फोटो होता, चार वीसचा. पान अजून तसंच बांधलेलं, दोरा ताणलेला, आणि आत पिल्लं मेलेली. म्हणजे ते आले, त्यांनी बघितलं, फोटो काढला, मग दोरा सोडवला आणि आमची वाट बघत उभे राहिले. आणि मला विचारलं, पानाला हात लावला होतास का?

मला त्या टाळ्या आठवत होत्या. पाठीवरचा हात आठवत होता. माझ्या पाठीवर पडलेल्या त्याच हाताने थोड्याच वेळापूर्वी दोरा सोडवला होता. आणि एक गोष्ट मला आजही सुटत नाही, दहातले नऊ उडवणाऱ्या माणसाने तो फोटो उडवला का नाही? एक बटण दाबलं असतं तर जगात कुणाला काही कळलं नसतं. जानेवारीत डिस्क लावू म्हणाले ते हेच दाखवायला का? असेलही. मी त्यांच्या बाजूने फार विचार करत बसायचं नाही असं ठरवलं आहे. नऊ वर्षं त्यांच्याकडे होती.

ताई पुढच्या खोलीत साडीला फॉल लावत होती. लॅपटॉप तसाच उचलून तिच्यासमोर ठेवला. तिने बघितलं, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. पण "हे काय?" असं विचारलं नाही. मला तिथेच कळलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"दुसऱ्या दिवशी कपडे भिजवले तेव्हा सापडला," ताई म्हणाली. "शर्टाच्या खिशात. माझाच दोरा. विचारलं मी त्यांना. रडले रे बापू... मोरीशी उभे राहून रडले. म्हणाले, ऋतूला सांगू नको, मी तिच्या मनातून उतरेन."

"आणि मी उतरलो तर चाललं?"

पंचवीस वर्षं शहरात राहून ताईची बोली नाशिकची झाली आहे, पण फार आतलं काही बोलायचं झालं की सायखेडं बाहेर येतं. "नाय चाललं," ती म्हणाली. "पण मला वाटलं, पोर हाय, आठ दिसात इसरंल. नाय इसरली. मग उशीर झाला. आन तू... तू माझा भाऊ. तू कुठं जानार व्हता?"

मी चहा न घेता निघालो. सायखेड्यापर्यंत मोटरसायकल चालवताना हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. दाजींनी केलेला विश्वासघात मी कसाबसा गिळला असता, ते परक्या घरचे. पण ताईने मला निवडलं होतं. ज्याच्यावर टाकलं तरी तो घर सोडून जाणार नाही, अशा माणसावर तिने ते टाकलं होतं. आणि तिचा अंदाज चुकला, मी गेलोच की! फक्त मला स्वतःलाही कळलं नाही की मी का गेलो.

चार दिवसांनी ताईचा फोन. रडत नव्हती, समजावत होती. "बापू, पोरीला बाप एकच होता. तोही गेला. आता त्याचा फोटो तरी राहू दे तिला." बरोबर होतं तिचं. मी दोन दिवस स्वतःला तेच सांगितलं. ऋतुजा अठराची झाली आहे, दाजींचाच कॅमेरा वापरते. तिच्या खोलीत त्या शिंपिणीचा फोटो टेबलासमोर लावलेला आहे. तिच्याकडून हे काढून घेणारा मी कोण? पण मग ती मला "मामा, तू नको धरू, मी धरते" असं म्हणून कॅमेरा माझ्या हातून घ्यायची ते आठवायचं. एकदा नाही, दरवेळी. मी सत्यासाठी केलं असं म्हणणार नाही. मी माझ्यासाठी केलं. रविवारी नाशिकला गेलो, ताई देवळात गेली असताना ऋतुजाला बोलावलं आणि तो फोल्डर तिच्यासमोर उघडला.

तिने एकेक फोटो मोठा करून बघितला. दोऱ्याची गाठ बघितली. वेळ बघितली. शेवटच्या फोटोवरून ती परत पहिल्यावर गेली. मग म्हणाली, "एक बारा..." आणि माझ्याकडे वळली. "मामा, तेव्हा आपण पंगतीत होतो. तू मला वाढत होतास. मी जिलबी मागितली आणि तू दोन वाढल्यास."

"आठवतं तुला?"

"सगळं आठवतं," ती म्हणाली. आणि लॅपटॉप बंद न करताच खोलीत निघून गेली. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, असं नंतर ताईकडून कळलं. ताई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. ते कधी सुधारेल, सुधारेल की नाही, मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी ऋतुजाने प्रदर्शनवाल्यांना फाइल पाठवली. तोच बक्षिसाचा फोटो, पण अख्खा, न कापलेला, हिरव्या दोऱ्यासकट. खालची ओळ तिने स्वतः लिहिली होती. "पान छायाचित्रकाराने बांधलं होतं. पिल्लं त्याच दुपारी गेली." मंडळींनी मला बाजूला घेऊन विचारलं, अहो, हे बरं दिसेल का? मी म्हणालो, तिला विचारा, बाप तिचा आहे. फोटो दारातच लागला. बरेच जण समोर थांबले, काहींनी ओळ वाचून एकमेकांकडे बघितलं. ताई आली नाही. हा लेखही मी ऋतुजाला दाखवूनच पाठवतोय. तिने एकच वाक्य कापलं. ते दाजींबद्दल होतं आणि कापायलाच हवं होतं.

प्रदर्शन संपल्यावर तिने मला घरी बोलावलं. अंगणातली चादर काढायची होती, स्टूल धुऊन आत घ्यायचं होतं, इतके दिवस ताईने कुणाला हात लावू दिला नव्हता. नळ गळतच होता आणि परातीत एक साळुंकी अंग भिजवत होती. ऋतुजा माझ्या पुढे होती. ती पायरी उतरली आणि तिचे हात सवयीने मागे गेले. मीही उतरलो, आणि माझेही गेले, मनगट धरलेलं, मान थोडी खाली. तिने वळून बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं.

"मामा, तू नको," ती म्हणाली. "तू सोड हात."

मी सोडले. पण मग ते ठेवायचे कुठे तेच कळेना. थोडा वेळ तसाच उभा राहिलो, दोन्ही हात बाजूला लोंबकळत... आणि ती मात्र हात मागे बांधूनच अंजिराखाली उभी होती.